फातेमा इस्माईल

फातेमा इस्माईल (१९०३ – १९८७) या मुंबईतील समाजसेविका आणि अपंग बालकांच्या पुनर्वसनकार्याच्या आद्य प्रवर्तक होत. गिरणीमालक व स्वातंत्र्य चळवळीतील कार्यकर्ते उमर सोबानी हे त्यांचे बंधू.

मुलीचे आजारपण

त्यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. या रोगाचा प्रारंभ साध्या तापासारखा असतो. तान्ह्या वा अजाण मुलाला आपली व्यथा सांगता येत नाही. ते उभे राहण्यास नकार देते आणि घरच्यांना तो हट्ट वाटतो. नंतर एखादा हात वा पाय लुळा पडतो. स्पर्शज्ञान शाबूत, पण हालचाल नाहीशी, ही निदानाची मुख्य खूण. याचे कारण असे, की स्नायूंना आज्ञा पोहोचविणाऱ्या मज्जारज्जूतील चेतापेशी हा विषाणू नष्ट करतो. संवेदना नेणाऱ्या पेशी मात्र वाचतात.

निदान झाले तरी पालकांची वणवण तेथे संपत नसे. पोलिओवर औषध नव्हते (आजही नाही) आणि लसही निघालेली नव्हती. उरलेल्या स्नायूंना महिनोन्महिने व्यायाम देणे, अवयव वाकडे होऊ न देणे, गरजेनुसार शस्त्रक्रिया करणे एवढेच हाती होते; आणि त्यासाठी लागणारे प्रशिक्षित लोक देशात अत्यंत थोडे होते. इस्माईल यांनी मुलीसाठी मद्रासचे अस्थिशल्यविशारद डॉ. एम. जी. किणी यांच्यापर्यंत धाव घेतली. एवढा प्रवास आणि खर्च किती कुटुंबांना परवडला असता, हा प्रश्न त्यांच्या पुढील कार्याच्या मुळाशी दिसतो.

संस्थात्मक कार्य

१९४७ मध्ये त्यांच्या पुढाकाराने मुंबईत अपंग बालकांच्या पुनर्वसनासाठी संस्था स्थापन झाली. हाजी अली येथील तिच्या बाल अस्थिरुग्णालयाचे उद्‌घाटन १९५२ मध्ये पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी केले. त्याच सुमारास मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात भौतिकोपचाराचे शिक्षण सुरू झाले, ही बाबही महत्त्वाची. शिकलेल्या हातांवाचून असे रुग्णालय चालणे अवघड होते.

भारत सरकारने १९५८ मध्ये त्यांना पद्मश्री दिली. १९७८ ते १९८४ या काळात त्या राज्यसभेच्या राष्ट्रपतिनियुक्त सदस्य होत्या.

भारतातील पोलिओचा अखेरचा नैसर्गिक रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात आढळला. हाजी अलीच्या जागेवर २०१७ पासून सर्व प्रकारच्या बालरोगांसाठी रुग्णालय सुरू झाले.