सोळा ठिपक्यांतली मराठी

२००० सालाच्या आसपास ज्यांनी कचेरीत, छापखान्यात किंवा डीटीपीच्या दुकानात काम केले आहे, त्यांना एक त्रास नक्की आठवेल. जालन्यात टाईप केलेले मराठी पत्र फ्लॉपीत घालून औरंगाबादला नेले आणि तिथल्या संगणकावर उघडले, की पडद्यावर इंग्रजी अक्षरे, स्वल्पविराम आणि कसल्याबसल्या चिन्हांची खिचडी दिसायची. पत्राला काही झालेले नसे. ज्या फॉन्टमध्ये ते टाईप केले, तो फॉन्ट दुसऱ्या संगणकात नसे, एवढेच. म्हणून पत्राबरोबर फॉन्टही बरोबर न्यावा लागे.

आज मोबाईलवर सातबारा पाहणाऱ्याला किंवा रुग्णालयातून आलेला मराठी निरोप वाचणाऱ्याला ही भानगड ठाऊकही नसते. हा बदल एका माणसाने घडवला असे म्हणणे खोटे ठरेल. पण सर्वसामान्य घरगुती संगणकावर मराठी अक्षर पहिल्यांदा ज्या रूपात दिसले, ते रूप देणारा माणूस मराठी होता. अक्षरकलेच्या जगात त्यांना र. कृ. जोशी म्हणून ओळखतात.

रघुनाथ कृष्ण जोशी यांचा जन्म १९३६ सालचा, कोल्हापूरचा. मुंबईच्या सर ज. जी. उपयोजित कला संस्थेत ते शिकले आणि जाहिरातीच्या धंद्यात शिरले. 'उल्का' या जाहिरात संस्थेत त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ कला दिग्दर्शक म्हणून काम केले. जाहिरातवाल्याला अक्षराची एक कठोर शिस्त लागते. रस्त्यावरचा माणूस फलकाकडे दोन-तीन सेकंदच पाहणार, तेवढ्यात त्याला वाचता आले पाहिजे. त्याच काळात जोशी कविताही करत होते. शब्दांची मांडणी हाच अर्थाचा भाग व्हावा, अशी ती दृश्यकविता होती. एकीकडे पटकन वाचले जावे ही निकड आणि दुसरीकडे अक्षराच्या आकारात रमणारा कवी, अशा दोन्ही गोष्टी एकाच माणसात होत्या. पुढच्या कामाला त्या दोन्ही लागल्या.

१९८३ मध्ये ते पवईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात प्राध्यापक झाले आणि १९९६ पर्यंत तिथे शिकवत राहिले. जाहिरातीची चांगली नोकरी सोडून वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी वर्गात उभे राहणे हा सोपा निर्णय नव्हे. पण वेळ नेमकी होती. भारतात संगणक येऊ लागला होता आणि त्याला देवनागरी कशी शिकवायची, हा प्रश्न अभियंत्यांपुढे उभा होता.

हा प्रश्न किती अवघड होता, हे समजून घेण्यासारखे आहे. इंग्रजीला लहान-मोठी मिळून ५२ अक्षरे पुरतात आणि ती एकापुढे एक ठेवली की काम भागते. देवनागरीत मात्रा वर जाते, उकार खाली जातो, वेलांटी आधी लिहिली तरी नंतर उच्चारली जाते आणि जोडाक्षरे तर शेकड्यांनी. जुन्या छापखान्यात कंपोझिटरपुढे काही शे खिळ्यांची घरे असत, ती यामुळेच. टाईपरायटरला एवढ्या कळा परवडणाऱ्या नव्हत्या. तेव्हा लिपीच सोपी करा, असा आग्रह सुरू झाला. सावरकरांनी अ ची बाराखडी सुचवली. १९५३ च्या लखनौ परिषदेत ऱ्हस्व वेलांटीही अक्षराच्या उजवीकडे आणायचे ठरले. लोकांनी ते मानले नाही आणि तो बदल मागे घ्यावा लागला. मुद्दा दर वेळी एकच होता. यंत्रासाठी लिपी वाकवायची, की लिपीसाठी यंत्र?

संगणकाने यावर तोडगा काढला तो एका साध्या कल्पनेने. साठवायचा तो उच्चार आणि दाखवायचे ते रूप, ही दोन कामे वेगळी करायची. 'कि' लिहिताना संगणकाच्या आत आधी क आणि मग वेलांटी अशी नोंद होते. पडद्यावर वेलांटी आधी दाखवणे हे फॉन्टचे आणि त्याच्या मागच्या आज्ञावलीचे काम. भारतीय लिप्यांसाठीचे 'इस्की' हे मानक १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने स्वीकारले. त्याच वर्षी जगातल्या सर्व लिप्यांना एका कोष्टकात बसवणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती आली. त्यात देवनागरीला १२८ घरे मिळाली आणि त्यांचा क्रम इस्कीच्या आधीच्या मसुद्यावरून घेतलेला होता. उच्चार आता जगभर एकच झाला. रूप मात्र कोणीतरी रेखाटायला हवे होते.

आयआयटीनंतर जोशी मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात गेले. पुढे ही संस्था सी-डॅकमध्ये विलीन झाली. मायक्रोसॉफ्टसाठी त्यांनी घडवलेला 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट विंडोज २००० बरोबर आला. तेलुगूसाठी 'गौतमी', कन्नडसाठी 'तुंगा' हे फॉन्टही त्यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झाले. संगणक विकत घेतला की मराठी अक्षर त्यात आधीच बसवलेले, वेगळे पैसे नाहीत, सीडी नाही. विंडोज एक्सपीत त्यासाठी एका कोपऱ्यातली खूण चालू करावी लागे आणि अनेकांना ती सापडत नसे, हा भाग सोडा. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला. तो वाचणाऱ्या कित्येकांच्या पडद्यावरचे अक्षर मंगलच होते.

त्या काळच्या पडद्याचा विचार केला की या कामाची खरी किंमत कळते. साधारण पडद्यावर एका इंचात ९६ ठिपके धरले जात. म्हणजे १२ पॉइंटच्या अक्षराच्या वाट्याला उंचीला १६ ठिपके. तेवढ्यात शिरोरेषा, तिच्यावरची मात्रा, अनुस्वार, रफार, खालचा उकार आणि मधले जोडाक्षर बसवायचे. बोरूने लिहिताना जी जाड-बारीक वळणे येतात, त्यांना इथे जागाच नाही. कमी ठिपक्यांत पहिला बळी जातो तो बारीक फरकांचा. घ आणि ध, भ आणि म, ष आणि प यांच्यातले अंतर एका ठिपक्याचे उरते. पथ्याच्या कागदावर भात बंद करायला सांगितले आहे की आणखी काही, हे त्या एका ठिपक्यावर ठरू शकते. मंगलच्या ओळींत मोकळी जागा फार सुटते, अशी तक्रार कायम होत आली. ती खरी आहे, पण वरच्या आणि खालच्या ओळींतले उकार-मात्रा एकमेकांत घुसू नयेत, तर जागा ही लागतेच.

डोळ्याच्या बाजूनेही हे पाहायला हवे. वाचताना डोळा ओळीवरून सलग सरकत नाही, तो उड्या मारतो. प्रत्येक थांबा साधारण पाव सेकंदाचा. स्पष्ट दिसते ते दृष्टिपटलाच्या मध्यावरच्या इवल्याशा भागाने. हात लांब करून अंगठ्याचे नख पाहावे, जवळपास तेवढेच क्षेत्र. त्या पाव सेकंदात अक्षर ओळखू आले नाही, तर डोळा मागे फिरतो आणि पुन्हा वाचतो. असे दिवसभर होत राहिले की कपाळ दुखते. आपण एरवी मिनिटाला साधारण १५ वेळा पापण्या मिटतो. पडद्याकडे टक लावली की हे प्रमाण निम्म्याहून खाली येते आणि डोळे कोरडे पडून चुरचुरतात. चाळिशीनंतर जवळचे अंधूक होऊ लागते, त्यात ही भर. तेव्हा मोबाईलमधले अक्षर मोठे करून घेण्यात आणि वेळेवर चष्मा लावण्यात कमीपणा नाही. मात्र वाचकाचे डोळे दमू नयेत याची निम्मी जबाबदारी अक्षर घडवणाऱ्याची असते आणि ती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

मंगल निर्दोष नव्हता. त्यातले ल आणि श हिंदी वळणाचे आहेत. पाकळीचा ल आणि शेंडीफोड्या श यांची सवय असलेल्या मराठी डोळ्यांना ते खटकले. राज्य शासनाने २००९ मध्ये वर्णमालेचा निर्णय काढून मराठी वळणे नक्की केली, तोवर हिंदी वळणाची सवय लागूनही गेली होती. दुसरी अडचण अर्ध्या र ची. आचार्यांना नमस्कार करायचा आणि आचाऱ्यांना जेवणाचे सांगायचे, हा फरक हिंदीला लागत नाही, मराठीला लागतो. युनिकोडमध्ये त्याची सोय आहे, पण ती कळ कुठली हे कोणी शिकवले नाही, म्हणून आजही फलकांवर 'दुसर्या' असे काहीतरी वाचायला मिळते.

जोशींचे प्रत्येक स्वप्न उतरले असेही नाही. साऱ्या भारतीय भाषांना चालेल अशी 'देशनागरी' नावाची एक समान लिपी त्यांनी मांडली होती. कल्पना पाहता त्यात तथ्य होते, कारण या लिप्या मुळात ब्राह्मीच्याच लेकी आणि त्यांची रचना सारखी. पण लिपी ही सोयीपुरती नसते. तमिळ माणूस आपली वळणे सोडणार नाही आणि मराठी माणूसही नाही. देशनागरी रुजली नाही, ते योग्यच झाले. त्या विचारातले ग्राह्य ते, म्हणजे उच्चाराची समान मांडणी, संगणकाच्या मानकांत आधीच आलेले होते. त्यांनी हात घातलेले आणखी एक काम वेदपठणाच्या स्वरचिन्हांचे होते. ही चिन्हे युनिकोडमध्ये यावीत म्हणून ते खटपट करत होते. त्यांचा मोठा संच २००९ मध्ये युनिकोडमध्ये आला.

तोवर जोशी राहिले नव्हते. ५ फेब्रुवारी २००८ रोजी अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांचे निधन झाले.

युनिकोडचा खरा लाभ दिसायला त्यानंतरची वर्षे लागली. जुन्या फॉन्टमधल्या यादीत नाव शोधणे म्हणजे कर्मकठीण काम होते. आता नोंदवहीत रुग्णाचे नाव मराठीत टाकले की त्याचा जुना केसपेपर सापडू शकतो, लसीकरणाचा निरोप वाडीवरच्या आजीला नातवाच्या मदतीशिवाय वाचता येतो, कोविडच्या काळात लसनोंदणीचे पोर्टल मराठीतही चालले. मंगल स्वतः मात्र मागे पडला. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये त्याची जागा 'निर्मला' या नव्या फॉन्टने घेतली आणि मोबाईलमध्ये तर वेगळेच फॉन्ट असतात. तरी कचेऱ्यांत अजून मजकूर मंगलमध्ये पाठवा असे सांगितले जाते आणि त्याचा अर्थ युनिकोडमध्ये पाठवा असा असतो. टंकलेखन परीक्षेच्या तयारीला बसलेली मुलेही मंगलचा सराव करतात. समोरच्या पडद्यावर बहुधा निर्मलाच असते.