दप्तराबाहेरचा माणूस

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी व्यापलेल्या हॉलंडमध्ये १९४१ पासून नागरिकांना छायाचित्र व बोटाचा ठसा असलेले ओळखपत्र सक्तीचे झाले. ज्यूंच्या पत्रावर तर वेगळे अक्षर उमटविलेले असे. भूमिगतास बनावट पत्रावाचून वावरणे दुष्कर होते. म्हणूनच मार्च १९४३ मध्ये प्रतिकारकांनी ॲमस्टरडॅमच्या लोकसंख्या-नोंदणी कचेरीला आग लावली.

त्याच सुमारास सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील कोणत्याही कागदाच्या आधाराविना इंग्रज सरकारला हुलकावणी देत होते. १९०० साली जन्मलेल्या नानांचे पूर्वायुष्य मात्र कागदपत्रांतच गेलेले. ते तलाठी होते. गावोगावची जमीन, खातेदार आणि सारा यांची दप्तरे त्यांनी स्वतः लिहिली होती. १९३० च्या सुमारास कायदेभंगासाठी त्यांनी ती नोकरी सोडली. सरकारच्या दप्तरात जमीन सापडते, माणूस सापडत नाही, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक असणार?

ऑगस्ट १९४२ नंतर ते भूमिगत झाले ते १९४६ पर्यंत. या काळात प्रतिसरकार उभे राहिले. त्याची न्यायदान मंडळे तंटे मिटवू लागली, अल्प खर्चाचे गांधीविवाह लागू लागले, आणि जी. डी. बापू लाड यांच्या नेतृत्वाखाली तुफान सेना उभी राहिली. पोलिसांना नाना हाती लागले नाहीत. हाती लागले ते येडेमच्छिंद्र येथील त्यांचे घर व शेत; ते जप्त झाले. बेचाळीसच्या आंदोलनात गावांवर सामुदायिक दंडही बसविले जात. नानांच्या वेषांतराच्या कथा आपण आवडीने सांगतो. परंतु त्यांच्या अज्ञातवासाचा खर्च कोणी सोसला, हा हिशेब क्वचितच मांडतो. ज्या घरांनी रात्री भाकरी वाढली त्यांनी तो सोसला. आणि युद्धकाळातील महागाईत ती भाकरी स्वस्त नव्हती.

गावाचे मौन सर्वस्वी प्रेमापोटीच होते, असे मानणेही भाबडेपणाचे ठरेल. गुंड, दरोडेखोर व खबऱ्यांना प्रतिसरकार देत असलेल्या शिक्षा कठोर होत्या. लोकांनी त्याला ‘पत्री सरकार’ म्हटले ते उगाच नव्हे. तरीही केवळ धाकावर चार वर्षे कोणी शेकडो गावांतून लपून राहू शकत नाही.

१९४६ मध्ये प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आल्यावर नाना उघडपणे लोकांपुढे आले. पुढे काँग्रेसपासून दुरावून ते डाव्या चळवळीत गेले. १९५७ मध्ये साताऱ्यातून आणि १९६७ मध्ये बीडमधून लोकसभेवर निवडून आले. ६ डिसेंबर १९७६ रोजी मिरजेस त्यांचे निधन झाले.