जगन्नाथ सम्राट आणि संख्यांची कुळे

सवाई जयसिंह महाराजांनी १७२७ मध्ये जयपूर नगर वसविले. त्यांच्या आश्रयास असलेल्या विद्वानांत जगन्नाथ सम्राट यांचे स्थान अग्रगण्य होते. परंपरेने ते महाराष्ट्रीय ब्राह्मण मानले जातात. त्यांच्या नावातील ‘सम्राट’ ही उपाधी राजपदाची नसून पंडिताच्या सन्मानाची होती.

ज्योतिषाचा जीर्णोद्धार करावयाचा, तर ग्रीक व अरब गणितही जाणले पाहिजे, हे महाराजांनी ओळखले होते. वेदशास्त्रांत मुरलेल्या जगन्नाथांनी त्यासाठी अरबी व फारसी या भाषा आत्मसात केल्या. नसीरुद्दीन तुसी यांनी तेराव्या शतकात सिद्ध केलेल्या युक्लिडच्या अरबी पाठावरून त्यांनी पंधरा अध्यायांचा ‘रेखागणित’ हा संस्कृत ग्रंथ रचला. पुढे टॉलेमीचा ज्योतिषग्रंथही त्यांनी संस्कृतात आणला.

ग्रंथाचे नाव रेखागणित असले, तरी त्याच्या सातव्या, आठव्या व नवव्या अध्यायांचा विषय संख्या हाच आहे. संख्येचे कुळ कोणते, ती सम की विषम, मूळ की संयुक्त, याचा तेथे विचार होतो. मूळ संख्या कधीच संपत नाहीत, हेही तेथे सिद्ध केले आहे. नवव्या अध्यायाच्या शेवटी परिपूर्ण संख्यांचा नियम येतो. स्वतःखेरीज इतर सर्व विभाजकांची बेरीज जिच्याइतकी होते, ती परिपूर्ण संख्या. जसे, १, २, ४, ७ आणि १४ मिळून २८. एकापासून दुप्पट करीत गेलेल्या संख्यांची बेरीज मूळ आली, तर तिला शेवटच्या संख्येने गुणावे. १, २ व ४ यांची बेरीज ७. ७ गुणिले ४ म्हणजे २८.

या नियमातील अट मोलाची आहे. १ पासून १०२४ पर्यंतची बेरीज २०४७ येते. ती मूळ भासते, परंतु २३ गुणिले ८९ म्हणजेच २०४७. म्हणून तेथे नियम लागू होत नाही. ४०९६ पर्यंतची बेरीज ८१९१ मात्र खरोखरच मूळ आहे. ८९ पर्यंतच्या चोवीस मूळ संख्यांपैकी एकीनेही तिला निःशेष भाग जात नाही. तिला ४०९६ ने गुणले असता ३,३५,५०,३३६ ही पाचवी परिपूर्ण संख्या मिळते. एवढ्या मोठ्या संख्येचे विभाजक मांडून पाहण्याचे श्रम सिद्धतेमुळे वाचतात.

ग्रंथारंभी जगन्नाथांनी युक्लिडचे नाव घेतलेले नाही. ब्रह्मदेवाने विश्वकर्म्यास सांगितलेले आणि मध्यंतरी खंडित झालेले हे शास्त्र जयसिंहांच्या आज्ञेने पुन्हा प्रकाशात आणले, अशी परंपरा त्यांनी दिली आहे. परभाषेतील विद्या संस्कृत पंडितांना आपली वाटावी, असाच जणू हा मार्ग होता. सिद्धता मात्र त्यांनी सोडल्या नाहीत.

हस्तलिखितांत राहिलेला हा ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई संस्कृत ग्रंथमालेत दोन भागांत छापून प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रीय म्हणविल्या जाणाऱ्या पंडिताचे जयपुरातील हे कार्य अशा रीतीने मुंबईच्या छापखान्यातून अभ्यासकांच्या हाती आले.