ओवाळणीचं ताट आणि जोतीरावांचा प्रश्न

मैत्रिणींनो, गेल्या उन्हाळ्यात आमच्या खुलताबाद तालुक्यातल्या एका गावी पुढारी यायचे होते. ओवाळायला बचत गटाच्या बायका बोलावल्या, त्यांत मीही. पाण्याचं विचारायचंच, असं ठरवून गेलो. दोन तास उन्हात उभ्या राहिलो, ओवाळलं आणि तशाच परत आलो. एकीच्याही तोंडून शब्द फुटला नाही. त्या रात्री मला महात्मा फुले आठवले.

आपण त्यांना ओळखतो ते मुलींच्या शाळेमुळे. 1848 साली पुण्यात भिडेवाड्यात त्यांनी शाळा काढली, सावित्रीबाईंना शिकवून शिक्षिका केलं. 1873 मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला. पण सत्तेला तोंडावर हिशेब विचारणारे जोतीराव आपल्याला फारसे कुणी सांगत नाही.

1876 पासून काही वर्षं ते पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय यायचे म्हणून स्वागतावर 1,000 रुपये खर्चायचं ठरलं. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर का खर्चू नये, असं त्यांचं म्हणणं. 32 सदस्यांत विरोध करणारे ते एकटेच! ठराव झालाच, पण विरोधाची नोंद राहिली.

1882 मध्ये सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटर आयोग नेमला. जोतीरावांनी त्याला निवेदन दिलं. सारा भरतो शेतकरी, मग त्या पैशातून वरच्या वर्गाचीच मुलं का शिकतात, हा त्यांचा रोख. पुढच्याच वर्षी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून त्यांनी कुणब्याची दैना मांडली.

आणि 1888 चा तो प्रसंग! राणी व्हिक्टोरियाचा मुलगा ड्यूक ऑफ कॅनॉट पुण्यात आलेला. हरि रावजी चिपळूणकरांनी त्याला मेजवानी दिली. सगळे शालजोडी, दागिन्यांत. जोतीराव मात्र गरीब शेतकऱ्याच्या वेशात गेले. दारावर त्यांना अडवलं म्हणतात. भरसभेत उठून त्यांनी राजपुत्राला बजावलं, की इथे नटूनथटून बसलेले म्हणजे हा देश नव्हे, खरी प्रजा पाहायची तर खेड्यात चला. आणि गरिबांच्या शिक्षणाचं आपल्या आईच्या कानावर घाला.

त्याच वर्षी त्यांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला, तर डाव्या हाताने लिहीत राहिले. 28 नोव्हेंबर 1890 ला ते गेले.

त्यांच्याकडे ना सत्ता होती, ना बहुमत. आपल्याकडे तर मत आहे! ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची, असं कायदाच सांगतो. आम्ही आता तिथे वहीत प्रश्न लिहून नेतो. पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा माझे पाय लटपटत होते; पण विचारलं आणि उत्तर येईपर्यंत खाली बसले नाही.

ओवाळायला जरूर जा, बायांनो. पण ताटात हळदी-कुंकवाशेजारी एक प्रश्नही ठेवा.