काविळीचा छुपा विषाणू शोधणारे डॉ. ब्लुमबर्ग

दारूच्या थेंबाला न शिवणारा, शेतात राबणारा धडधाकट गडी. एकाएकी त्याच्या पोटात पाणी होतं, डोळे पिवळे पडतात आणि लिव्हर कामातून गेल्याचं कळतं. असं का झालं, हे साठ वर्षांपूर्वी मोठमोठ्या दवाखान्यांतही बऱ्याचदा सांगता येत नव्हतं. या कोड्याचा मोठा भाग उलगडला तो डॉ. बरुच ब्लुमबर्ग यांनी.

त्यांचा जन्म २८ जुलै १९२५ चा, अमेरिकेतल्या न्यूयॉर्कचा. तरुणपणी नौदलात होते, पुढे डॉक्टर झाले. शिकत असतानाच ते दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनाम देशात काही महिने राहिले. तिथं मजुरीसाठी नेलेल्या अनेक देशांच्या लोकांची वस्ती होती, त्यात आपल्या भारतातून गेलेलेही होते. एकाच भागात राहून कुणाला हत्तीरोग जास्त, कुणाला कमी. असं का, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात बसला तो कायमचाच.

मग त्यांनी देशोदेशीच्या लोकांच्या रक्ताचे नमुने गोळा केले. रक्तस्रावाच्या आजारामुळे ज्यांना पुन्हा पुन्हा रक्त चढवावं लागतं, त्यांच्या शरीरात परक्या घटकांविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. अशाच एका रुग्णाच्या रक्ताशी ते बाकीचे नमुने ताडून बघत. १९६३ साली ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या नमुन्याशी त्याची खूण जुळली. हा घटक काय आहे, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. नाव पडलं ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’.

पुढं फिलाडेल्फियात एका रुग्णाची तपासणी आधी निगेटिव्ह होती, ती नंतर पॉझिटिव्ह आली. त्याचं लिव्हर तपासलं तर सूज. त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या एक तंत्रज्ञ बाई आजारी पडल्या, त्यांच्याही रक्तात तोच घटक निघाला. १९६७ साली ब्लुमबर्ग यांनी काविळीशी असलेला हा संबंध जगापुढं मांडला. तो घटक म्हणजे हिपॅटायटीस बी विषाणूचंच वरचं कवच होतं.

हा विषाणू मोठा लबाड. लिव्हरचं नुकसान तो स्वतः फारसं करत नाही. त्याला हुडकताना शरीराची प्रतिकारशक्तीच लिव्हरच्या पेशींवर तुटून पडते. वर्षानुवर्षं हे चालू राहिलं की लिव्हर आकसतं, कॅन्सरही होतो. जन्मताच लागण झाली तर बाळाच्या शरीराला तो परका म्हणून ओळखूच येत नाही. अशा १०० पैकी सुमारे ९० बाळांत तो ठाण मांडून बसतो. मोठेपणी लागण झालेल्यांत हे प्रमाण ५ पेक्षाही कमी.

रक्त चढवण्याआधी ते या विषाणूसाठी तपासायची पद्धत या शोधामुळं सुरू झाली. १९६९ मध्ये ब्लुमबर्ग आणि त्यांचे सहकारी आयर्विंग मिलमन यांनी लसीची पद्धत काढली. १९७६ साली ब्लुमबर्ग यांना नोबेल मिळालं. तैवाननं १९८४ पासून बाळांना लस द्यायला सुरुवात केली आणि तिथं मुलांमधला लिव्हरचा कॅन्सर घटला.

५ एप्रिल २०११ रोजी ब्लुमबर्ग गेले. त्यांचा जन्मदिवस आता जागतिक हिपॅटायटीस दिन म्हणून पाळतात. आपल्याकडं सरकारी दवाखान्यात ही लस फुकट मिळते. बाळ जन्मलं की २४ तासांच्या आत तिचा पहिला डोस द्यायचा असतो, तो चुकवू नये.