जॉर्ज सायमन ओहम

पुण्यास स्वारगेट येथे २९ सप्टेंबर २०२४ पासून भूमिगत मेट्रो गाडी येऊ लागली. ती विजेच्या बळाने चालते. शेतावरील पंप व घरातील दिवाही त्याच बळाने चालतात. या बळाचा एक मुख्य नियम ज्या गृहस्थांनी शोधून काढिला, त्यांचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवितो.

ओहम यांचा जन्म जर्मनीतील एर्लांगन गावी १७८९ साली एका प्रॉटेस्टंट कुटुंबात झाला. वडील कुलुपे करणारे कारागीर होते. परंतु त्यांनी स्वतःच अभ्यास करून गणित संपादिले व ते मुलांस घरी शिकविले. ओहम दहा वर्षांचे असता त्यांची आई वारली.

पुढे कोलोन येथे शिक्षक असता ते फावल्या वेळी प्रयोग करू लागले. दोन धातूंचा एक सांधा उकळत्या पाण्यात व दुसरा बर्फात ठेवून त्यांनी विजेचा एकसारखा प्रवाह मिळविला. मग कमीअधिक लांबीच्या तारा जोडून चुंबकसूची किती वळते हे मोजिले. तार जितकी लांब, तितका प्रवाह कमी, असे त्यांस आढळले.

स्वारगेटजवळून मुठेचा उजवा कालवा जातो. त्यावरून हे सहज समजेल. उतार अधिक तर पाणी जोराने वाहते. पात्र अरुंद किंवा गवताने भरलेले असेल तर कमी वाहते. विजेत उताराच्या ठिकाणी दाब असतो व अडथळ्यास रोध म्हणतात. दाबास रोधाने भागिले असता प्रवाह निघतो. १२ व्होल्टांच्या बॅटरीस ६ ओहमांचा रोध जोडिला, तर २ अँपिअर प्रवाह वाहतो. मात्र विजेस परतीची वाट लागते; ती तुटली की दिवा विझतो.

हा सिद्धांत त्यांनी १८२७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. परंतु स्वदेशातील विद्वानांनी त्याची उपेक्षा केली. ओहम यांनी कोलोनची नोकरी सोडिली व पुढील काही वर्षे बर्लिन येथे तुटपुंज्या वेतनावर काढिली. १८३३ साली न्युरेंबर्ग येथे त्यांस जागा मिळाली. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने कॉप्ले पदक देऊन त्यांचा गौरव केला. म्यूनिक येथील अध्यापकपद त्यांस १८५२ साली लाभले आणि १८५४ साली ते निवर्तले. रोधाच्या मापास आज त्यांचेच नाव आहे.

वाचकहो, ओल्या त्वचेचा रोध फार घटतो, म्हणून ओल्या हाताने पंपाचे बटण दाबणाऱ्याच्या अंगातून अधिक वीज वाहते व प्राणावर बेतते. एका शिक्षकाने चिकाटीने शोधिलेला हा नियम आपल्या मुलांस अवश्य समजावून द्यावा.