विहिरीवरील पंप आणि लक्ष्मणराव किर्लोस्कर

उन्हाळ्याच्या सुटीत लिंबायतहून खानदेशातील आपल्या मूळ गावी जाणाऱ्या अनेकांनी विहिरीवरील पंप रुसलेला पाहिला असेल. मोटर फिरते, परंतु पाणी येत नाही. अशा वेळी पंपास दोष देणारे पुष्कळ. त्याचा दोष शोधणारा विरळा. अडचण आली की तिचे कारण शोधून नवी वाट काढणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचे म्हणूनच आम्हांस स्मरण होते.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार होण्याच्या उमेदीने ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. परंतु काही रंग त्यांच्या डोळ्यांस ओळखता येईनात. तेव्हा त्यांनी रंग सोडले, रेषा सोडल्या नाहीत. यंत्रांची रेखाचित्रे शिकून ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. तेथे हक्काची बढती दुसऱ्यास मिळताच या मानी पुरुषाने नोकरीचा त्याग केला. बेळगावात बंधू रामुअण्णांसह त्यांनी सायकलींचे दुकान चालविले. पुढे कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर बनविले. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर खपण्यास दोन वर्षे लागली, तरी ते डगमगले नाहीत. १९१० साली औंध संस्थानाच्या राजेसाहेबांनी दिलेल्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. बैलांच्या मोटेने पाणी उपसणाऱ्या शेतकऱ्यासाठी पुढे तेथेच पंप तयार होऊ लागले.

या पंपाच्या पोटातील चाक वेगाने फिरून पाणी बाहेर फेकते, आणि बाहेरील हवेचा दाब विहिरीतील पाणी नळीतून वर ढकलतो. नळीत हवा शिरली की हे कार्य थांबते. म्हणून पंप रुसल्यास प्रथम वडीलधाऱ्यांकडून वीज बंद करवावी. तळाच्या फुटव्हॉल्व्हमध्ये पालापाचोळा अडकला आहे काय, नळीचे सांधे सैल झाले आहेत काय, हे त्यांच्याकडून पाहून घ्यावे. मग पंपात काठोकाठ पाणी भरून मोटर सुरू करावी. पंप कोरडा चालविल्यास आतील भाग तापून निकामी होतात.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले. रुसलेल्या यंत्रापुढे कपाळास हात न लावता बाह्या सरसावण्याची सवय आम्हां विद्यार्थ्यांस जडली, तर त्यांचे स्मरण सार्थ झाले, असे आम्ही समजू.